ठिपका कोणी ठेवला?

गेल्या वर्षी आपल्या दिवाळी अंकासाठी आलेली चित्रं निवडणाऱ्या कमिटीत मी होते. तिघांची कमिटी, आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल, लॅपटॉप, चहा, आदल्या दिवशीच्या चकल्या आणि चाळीसेक चित्रं. त्या संध्याकाळी आमच्या हातून एक चूक झाली. त्यात माझा वाटा मोठा होता, कारण लहानपणी साताऱ्याला एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, एवढ्या पुण्याईवर मला ‘चित्रातलं कळणारी’ म्हणून बसवलं होतं. आज लिहिते आहे ते त्या चुकीबद्दल, आणि तिच्यामुळे मला जे नव्याने शिकावं लागलं त्याबद्दल.

दोन निसर्गचित्रं एकापाठोपाठ समोर आली. दोन्ही ठिपक्याठिपक्यांची. पहिलं इथल्या ऑक्टोबरातल्या लाल-पिवळ्या झाडांचं. ते पाठवणारे आपल्यातलेच एक ज्येष्ठ सभासद, पंचाहत्तरी ओलांडलेले. दुसरं कास पठाराचं. ते पाठवणारी हायस्कूलमध्ये शिकणारी, इथेच जन्मलेली सतरा वर्षांची मुलगी. पहिलं पाहून आम्ही म्हणालो, “या वयात काय मेहनत घेतली आहे काकांनी!” दुसरं पाहून म्हणालो, “हा तर फोटोशॉपचा फिल्टर. बटण दाबलं की झालं.” पहिलं पूर्ण पान रंगीत छापलं. दुसरं परत केलं, ‘या विभागात फक्त हाताने काढलेली चित्रं घेतो’ अशा नम्र ओळीसह.

दिवाळीच्या कार्यक्रमात मी काकांचं अभिनंदन करायला गेले. ते मनापासून हसले. “अहो ताई, माझं कसलं कौतुक करता? फोटो तेवढा माझा. बाकी सगळं नातवाने फोनवर दोन मिनिटांत करून दिलं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.” त्यांनी काही लपवलं नव्हतं. आमच्या फॉर्मवर चित्र कसं केलं हा प्रश्नच नव्हता. वय बघून आम्ही हात गृहीत धरला आणि वय बघूनच बटणही गृहीत धरलं.

पंधरा दिवसांनी मी त्या मुलीच्या घरी गेले. माफी मागायला गेले होते, आणि थोडं बघायलाही. तिने लॅपटॉप उघडला. “मावशी, फिल्टर मारला नाही असं मी म्हणतच नाही,” ती म्हणाली. “अकरा वेळा मारला. प्रत्येक वेळी वेगळा.”

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फोटोशॉपमध्ये फिल्टरच्या यादीत ‘पिक्सलेट’ नावाचा गट आहे आणि त्यात ‘पॉइंटिलाइझ’ नावाचा फिल्टर. तो आपल्याला एकच आकडा विचारतो, ठिपक्याचा आकार: ३ ते ३००. मग फोटोवर यदृच्छेने ठिपके पसरतो. जिथे ठिपका पडतो तिथल्या फोटोवरून त्याचा रंग ठरतो आणि ठिपक्यांमधल्या फटींत त्या वेळी आपण निवडलेला बॅकग्राउंड रंग भरला जातो. बस. काकांच्या नातवाने फोनवर केलं तेही साधारण याच जातीचं काम.

या मुलीने फोटोचे भाग पाडले होते. आकाश वेगळ्या थरावर, लांबचे डोंगर वेगळ्या, पठार वेगळं, पायाजवळची फुलं वेगळी. डोंगरांना बारीक ठिपके, जवळच्या गवताला मोठे. “सगळीकडे एकच आकार दिला तर सगळं एकाच अंतरावर आल्यासारखं सपाट दिसतं,” ती म्हणाली. फटींचा रंगही तिने जागेनुसार बदलला होता. उन्हातल्या भागात फिकट पिवळा, ढगाच्या सावलीत जांभळट निळा. आधी सगळीकडे पांढरा ठेवला होता, तेव्हा म्हणे पठारावर मीठ सांडल्यासारखं दिसत होतं.

आणि मग तिने मला चित्राचा खालचा डावा कोपरा मोठा करून दाखवला. कासला ऑगस्ट-सप्टेंबरात गेलेल्यांना तिथली फुलं आठवत असतील: पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, आणि सीतेची आसवं नावाचं जांभळट निळं इवलंसं फूल. सोनकी आणि तेरड्याचे ताटवे मोठे, म्हणून फिल्टरमधून तरले. सीतेची आसवं मात्र फोटोत जेमतेम काही पिक्सेलएवढी. “फिल्टरने ती खाऊन टाकली,” ती म्हणाली. काही फुलं गायब झाली, काहींचा मळकट करडा-हिरवा ठिपका झाला. ती सगळी फुलं तिने नव्या थरावर ब्रशने एकेक करून पुन्हा ठेवली होती. तीन शनिवार त्यात गेले.

“एवढं कशाला?” मी विचारलं.

“आजीच्या पंचाहत्तरीला गेलो होतो तेव्हाचा फोटो आहे. आजीने मला तेच फूल दाखवलं. तिचे गुडघे दुखतात, तरी खाली बसून दाखवलं. तेच गेलं तर मग फोटोत काय राहिलं?”

मी फिल्टर आणि हात यांचा वाद घेऊन गेले होते. तो वाद मला तिथेच पोरका वाटायला लागला.

घरी आल्यावर ठरवलं, आपण स्वतः करून बघू. फोटोशॉपचे महिन्याचे पैसे भरायची तयारी नव्हती, म्हणून गिंप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात कलात्मक फिल्टरांमध्ये ‘गिंप्रेशनिस्ट’ नावाचा एक आहे. ब्रश कोणता, केवढा, फटकारा कोणत्या दिशेने, खाली कागद कसा, हे सगळं तो विचारतो. लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये काढलेला माझा एक फोटो घेतला, ठिपके निवडले, बटण दाबलं आणि खरं सांगते, तोंडातून “अय्या!” निघालं. लगेच भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवला. पाच अंगठे, दोन फुलं आणि “तू चित्रं कधीपासून काढायला लागलीस?” असा एक प्रश्न. त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. हे इथे कबूल केलेलं बरं.

मग सिंहगड केला, मिशिगन सरोवर केलं, माहेरच्या अंगणातली तुळस केली. दहाव्या फोटोला लक्षात आलं की सगळी चित्रं एकाच चवीची झाली आहेत. प्रत्येक भाजीत डोळे मिटून चमचाभर गोडा मसाला टाकावा तशी. सिंहगडाचा काळा कडा आणि सरोवराचं पाणी यांना एकाच जातीचे ठिपके. झाडाला, दगडाला, पाण्याला, आकाशाला काही फरकच नाही. मूळ फोटोत जे होतं त्यातलं थोडं कमी झालं होतं आणि नवं काहीच आलं नव्हतं.

शिकागोच्या परिसरात राहण्याचा एक फायदा असा की या शंकेचं उत्तर गाडीने तासाभरावर टांगलेलं आहे. मिशिगन अॅव्हेन्यूवरचं आर्ट इन्स्टिट्यूट. भारतातून आई-बाबा आले की आपण सगळेच त्यांना तिथे नेतो, कारण १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्मपरिषदेत भाषण केलं ते याच इमारतीत. सिंहांच्या पुतळ्यांसमोर फोटो काढतो, पायऱ्यांवर उभे राहतो आणि पुष्कळदा तिथूनच परततो. मीही तेच केलं आहे. या वेळी मात्र आत गेले ते एकाच चित्रासाठी.

झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराने १८८४ ते १८८६ या काळात रंगवलेलं, पॅरिसजवळ सेन नदीतल्या ग्रांद जात बेटावरच्या रविवार दुपारचं ते चित्र. सुमारे २ मीटर उंच, ३ मीटर रुंद. १९२६ पासून ते शिकागोत आहे. १८८६ च्या मे महिन्यात दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा लागलं तेव्हा सरा २६ वर्षांचा होता. ३१ व्या वर्षी तो गेला. मराठीत ज्याला बिंदुवाद म्हणतात त्या पद्धतीचं हे सर्वांत प्रसिद्ध चित्र.

मी आधी लांबून पाहिलं, मग हळूहळू जवळ गेले. जवळ गेल्यावर पहिला धक्का बसला: सगळे ठिपके नाहीतच! पाण्यावर आडवे फटकारे आहेत, झाडांच्या खोडांवर खोडाच्या दिशेने जाणारे, गवतात एकमेकांना छेदणारे. अशा फटकाऱ्यांवर नंतर बारीक ठिपके बसवलेले. म्हणजे बिंदुवादाच्या या मेरुमणीतही पाण्याला पाण्यासारखं आणि गवताला गवतासारखं वागवलं आहे. या एका चित्रासाठी त्याने बेटावर जाऊन आणि स्टुडिओत बसून छोटी-मोठी सुमारे साठ रेखाटनं आणि रंगीत कच्ची चित्रं केली. काही वर्षांनी चित्राच्या चारी कडांना ठिपक्यांची रंगीत किनारही रंगवली. तीन मीटर कॅनव्हासवर एकही जागा अशी नाही जिथे त्याने बघितलं नाही.

दुसरा धक्का रंगांचा. उन्हातलं गवत हिरवं दिसतं, पण जवळून त्यात पिवळे आणि नारिंगी ठिपके आहेत. सावलीतल्या हिरव्यात निळे आणि जांभळे. हे त्याने हवेतून आणलं नव्हतं. मीशेल यूजेन शव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगशाळेचे प्रमुख होते. काळी लोकर फिकी दिसते अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगात दोष नव्हता. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मळका दिसत होता. शेजारच्या रंगामुळे रंग बदलतो, हा त्यांचा १८३९ सालच्या ग्रंथाचा विषय. आपल्या आज्यांना हे पुस्तकाविना माहीत होतं. हिरव्या पैठणीला जांभळा काठ का उठून दिसतो हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. सराने शव्हरल वाचला, अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ ऑग्डन रूड यांचं १८७९ सालचं रंगशास्त्रावरचं पुस्तकही फ्रेंच भाषांतरात वाचलं, आणि रंग पॅलेटवर कालवण्याऐवजी शेजारीशेजारी ठेवून बघणाऱ्याच्या डोळ्यात मिसळू द्यायचे असं ठरवलं.

माझ्या दहा फोटोंची चव एक का झाली ते मला इथे कळलं. सरा हिरव्याची फोड करत होता. हिरव्यात ऊन किती, सावली किती, आकाशाचा निळा किती, हे बघून प्रत्येकाला वेगळा ठिपका देत होता. कॅमेऱ्याने मात्र ते सगळं आधीच कालवून एक हिरवा करून ठेवलेलं असतं. फिल्टर त्या कालवलेल्या हिरव्याचेच तुकडे करतो. हिरव्याचे हिरवे ठिपके. सराचा सहकारी पॉल सीन्याक याला ‘बिंदुवाद’ हा शब्द आवडत नसे, त्याला ‘विभाजन’ हा शब्द पसंत होता. ठिपके मारणं हे काम नाही, रंग विभागणं हे काम आहे, असा त्याचा आग्रह. आमच्या फिल्टरने नेमकी उलट निवड केली आहे: विभाजन सोडलं आणि ठिपका ठेवला.

ज्यांना स्वतः करून बघायचं आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहारातल्या गोष्टी, मी चुका करत शिकलेल्या.

पहिली, आकार. ठिपक्याचा आकडा फोटोच्या आकारावर अवलंबून असतो. फोनवरचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर ५ चा ठिपका दिसणारच नाही, आणि व्हॉट्सअॅपवरून आलेल्या लहान फोटोत तोच ५ चा ठिपका पुरेसा होईल. आपल्या अंकाचं पान साडेआठ बाय अकरा इंचाचं. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २५५० बाय ३३००. त्यावर १५ चा ठिपका म्हणजे छापल्यावर सव्वा मिलिमीटर. चांगली नजर एक मीटरवरून साधारण पाऊण सेंटिमीटरचा पंचविसावा भाग, म्हणजे ०.३ मिलिमीटर एवढंच वेगळं ओळखू शकते. तेव्हा सव्वा मिलिमीटरचे ठिपके पूर्ण मिसळायला चार मीटर तरी मागे जावं लागेल. हातात धरलेल्या अंकात ते ठिपकेच दिसणार. दिसू देत, पण हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

दुसरी, रंग. शाळेत आपण निळा आणि पिवळा मिसळून हिरवा केला. ते ओल्या रंगांचं झालं. निळे आणि पिवळे बारीक ठिपके शेजारीशेजारी ठेवून लांबून पाहिले तर हिरवा होत नाही, करड्याकडे झुकणारा रंग दिसतो. म्हणून पिवळ्या सोनकीत जांभळी आसवं घालायची तर ती फार बारीक करून चालत नाही. थोडी मोठी ठेवली की दोघी एकमेकींना उजळवतात. फार बारीक केली की एकमेकींना विझवतात. हा निर्णय आकडा टाकून होत नाही, दर वेळी मागे सरकून बघावं लागतं. त्या मुलीने ते केलं होतं.

आता कोणी म्हणेल, “एवढं कशाला ताणता? लोक हौसेने फोटो सजवतात, आनंद मिळतो, तुमचं काय जातं?” काही जात नाही. मीही पाठवला ना ग्रुपवर. हौसेला कोणी परवानगी मागू नये. माझं म्हणणं फक्त त्या जागेपुरतं आहे जिथे आपण एका चित्राला पान देतो आणि दुसऱ्याला परत पाठवतो. तिथे आपण काय बघून निवडतो हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

कोणी याच्या उलट म्हणेल, “यंत्र ते यंत्र. हाताने काढलेलंच खरं.” हे मला गेल्या वर्षी पटत होतं, आता पटत नाही. एक तर यांत्रिकपणाचा आरोप खुद्द सराच्या चित्रांवर झाला होता, आणि ती तर टीचभर ब्रशने हाताने काढलेली होती. कामीय पीसारोसारखा थोर चित्रकार काही वर्षं या पद्धतीने रंगवून बाहेर पडला. हाताने केलं म्हणून यांत्रिक होत नाही असं नाही. आणि दुसरं, आपल्याच घरातलं उदाहरण बघा. ठिपक्यांची रांगोळी काढताना माझी आई वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने भोकं पाडून ठेवायची. कागद अंथरला, रांगोळी फिरवली, कागद उचलला की अंगणात सरळ ओळीत ठिपके. आईला कोणी म्हणालं नाही की ही रांगोळी कागदाने काढली. कारण कागद फक्त ठिपके ठेवायचा. कोणता ठिपका कोणाला जोडायचा, कमळ कुठे वळवायचं, कुठला ठिपका मोकळा सोडायचा हे आई ठरवायची. पुढे बाजारात प्लास्टिकचे छाप आले. छाप ठेवला, रांगोळी टाकली, मोर तयार. तोही दारात शोभायचा, पण शेजारची बाई त्याला बघून “कशी हो काढलीत?” असं विचारत नसे. भोकांचा कागद आणि छाप, दोन्ही साधनंच. फरक पुढे ठरवायला काही उरलं होतं की नाही, यात होता. त्या मुलीने फिल्टरचा भोकांचा कागद केला. काकांच्या नातवाने, आणि मीही माझ्या दहा फोटोंत, त्याचा छाप केला.

यात आणखी एक गोष्ट मला बोचते, आणि ती चित्रांपेक्षा आपल्याबद्दल आहे. कॅलेंडरवरची लक्ष्मी किंवा गणपती चौकटी आखून हुबेहूब उतरवलेली चित्रं आपण दर वर्षी छापतो. छान असतात, मेहनत असते. पण त्यांना आपण कधी विचारलं नाही की यात तुमचं काय? मुलांच्या कामाला मात्र पहिला प्रश्न, ‘हे कॉम्प्युटरनेच केलं ना?’ आमच्या पिढीचं ते कला आणि तुमच्या पिढीचं ते बटण. ज्या मुलांनी मराठी शाळा सोडू नये, कार्यक्रमाला यावं, अंकात लिहावं असं आपण दर सभेत म्हणतो, त्यांच्यातल्या एकीने आजीबरोबर पाहिलेलं कास आपल्या अंकासाठी पाठवलं आणि आपण न विचारता ते परत केलं. तिने परत पाठवलं नसतं तर तिला कोण काय म्हणणार होतं?

म्हणून माझी सूचना साधी आहे. हात की यंत्र हा नियम काढून टाकावा. त्याऐवजी चित्रविभागाच्या फॉर्मवर तीन प्रश्न असावेत, आणि ते सर्वांना असावेत: तेलरंगवाल्यांना, कॅलेंडरवाल्यांना, फोटोशॉपवाल्यांना. एक, चित्र कसं केलं? दोन, मूळ फोटो किंवा मूळ चित्र असल्यास सोबत जोडा. तीन, मुळात होतं त्यातलं तुम्ही काय बदललं आणि का? उत्तर तीन ओळींत, मराठीत किंवा इंग्रजीत. ती उत्तरं चित्राखाली छापावीत. ‘नातवाने फोनवर दोन मिनिटांत केलं’ हेही बेलाशक छापावं; त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि वाचकालाही गंमत वाटेल. फक्त बक्षीस देताना तिसऱ्या उत्तराकडे बघावं.

“मग एआयने काढलेली चित्रंही घेणार का?” असं कमिटीतल्या एकाने लगेच विचारलं. प्रश्न रास्त आहे. आता फोटोही लागत नाही, ‘कास पठार, बिंदुवादी शैलीत’ एवढं लिहिलं की चित्र येतं. माझं उत्तर असं की तेच तीन प्रश्न विचारा. एक ओळ लिहिली आणि आलं ते पाठवलं, एवढंच उत्तर असेल तर त्या चित्राला आपल्या पानावर जागा नसावी, कारण ‘तुम्ही काय बदललं’ याला त्यात उत्तरच नाही. हे नियम वर्षानुवर्षं पुरतील असा माझा दावा नाही. पण निदान गेल्या वर्षीसारखं वय बघून निकाल लावला जाणार नाही.

आणि ही ओळ खास तुम्हा मुलांसाठी, जे हे स्वतः वाचत असाल किंवा आई-बाबांकडून वाचून घेत असाल. फिल्टर जरूर वापरा. पण पहिल्यांदा बटण दाबल्यावर जे येतं ते पाठवू नका. मूळ फोटो शेजारी ठेवा आणि स्वतःला विचारा, फिल्टरने यातलं काय खाल्लं? जे गेलं त्यातलं तुम्हाला हवं असलेलं एक तरी परत आणा. सराच्या चित्रातला एक पिवळा रंग काही वर्षांतच तपकिरी पडू लागला, त्याला तो पुसून पुन्हा लावता आला नाही. तुमच्याकडे तर मागे जायचं बटण आहे. चुकायला भरपूर वाव आहे.

संपादकांनी ही सूचना या वर्षीपुरती मान्य केली आहे. मी कमिटीत नाही, मागूनच घेतलं नाही. कासचं ते चित्र त्या मुलीने पुन्हा पाठवलं आणि ते याच अंकात आहे, मूळ फोटो शेजारी लहान चौकटीत आणि खाली तिच्या तीन ओळी. या अंकाचं पान भिंगाखाली धरलंत तर छपाईचेही ठिपके दिसतील: निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे. ते छापखान्याच्या यंत्राने ठेवले आहेत. मग भिंग बाजूला ठेवा आणि डाव्या कोपऱ्यात खाली बघा. गवतातले ते जांभळट निळे ठिपके तिने ठेवले आहेत. गेल्या वर्षी मी ते पाहिले नव्हते.